दोन जिवांसाठी खा, पण दुप्पट नको!

घरात गोड बातमी कळली, की सल्ल्यांना सुरुवात होते. 'आता तू दोन जिवांची आहेस, दोघांचे खा' आणि 'फार हिंडू-फिरू नकोस' हे त्यांतले पहिले दोन. अर्धपोटी राहणे आणि अतिश्रम हेच गर्भवतीचे मोठे शत्रू होते, त्या काळात या सल्ल्यांमागे शहाणपण होते. कृश स्त्रीच्या बाबतीत ते आजही आहे. मात्र, गर्भधारणेच्या वेळीच वजन जास्त असलेल्या स्त्रीला हेच सल्ले महागात पडू शकतात. अशा स्त्रियांची संख्या आता थोडी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ स्त्रियांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्क्यांवर गेले.

याउलट, वजनावरून सतत बोलणी ऐकावी लागलेली स्त्री दुसऱ्या टोकाला जाते. ती जेवण तोडते किंवा तपासणीलाच जायचे टाळते. ही दोन्ही टोके सारखीच घातक आहेत.

वजन किती वाढावे?

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की 'बॉडी मास इंडेक्स' म्हणजेच बीएमआय मिळतो. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ७५ किलो असेल, तर तो सुमारे ३१ येतो. जगभर ३० च्या पुढे लठ्ठपणा मानला जातो. भारतीयांमध्ये कमी बीएमआयलाही मधुमेहाचा धोका दिसत असल्याने येथील तज्ज्ञांनी २००९ मध्ये ही मर्यादा २५ वर आणली.

अमेरिकेच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने २००९ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असलेल्या स्त्रीचे वजन संपूर्ण गरोदरपणात ५ ते ९ किलोने वाढणे पुरेसे असते. बीएमआय साधारण असलेल्या स्त्रीसाठी हाच आकडा ११.५ ते १६ किलो आहे. या फरकामागचे कारण सोपे आहे. गरोदरपणातील वाढ म्हणजे बाळ, वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय व रक्त आणि त्याखेरीज पुढच्या स्तनपानासाठी साठवलेली चरबी. लठ्ठ स्त्रीच्या शरीरात हा शेवटचा साठा आधीच असतो. तो नव्याने करण्याची गरज नसते.

म्हणून गरोदरपणात बारीक होण्याचा प्रयत्न करू नये आणि वाढ मात्र मर्यादेत ठेवावी, हे यातले मुख्य सूत्र. वजन कमी करण्याची औषधे या काळात चालत नाहीत. सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन तर गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे लागते.

साखरेचे गणित

वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे प्रत्येक गर्भवतीत इन्सुलिनचा प्रभाव काहीसा कमी होतो. लठ्ठपणामुळे तो आधीच कमी असेल, तर रक्तातील साखर वाढते. ही साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते. आईचे इन्सुलिन मात्र पोहोचत नाही. मग बाळच जास्त इन्सुलिन तयार करते आणि प्रमाणाबाहेर वाढते. प्रसूती अवघड होते आणि जन्मानंतर बाळाची साखर एकदम उतरू शकते. म्हणूनच पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर तपासण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती १४० किंवा त्याहून अधिक आल्यास गरोदरपणातील मधुमेह समजला जातो.

ताटात काय असावे?

दुसऱ्या तिमाहीपासून गर्भवतीला रोज सुमारे ३५० कॅलरी जादा लागतात, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. हे 'दुप्पट'च्या जवळपासही नाही. वजन जास्त असलेल्या स्त्रीने तर याहून कमी-जास्त किती घ्यावे, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

वेगळे 'डाएट फूड' आणण्याची गरज नाही. भाताचा ढीग कमी करून ज्वारी-बाजरीची भाकरी, घट्ट वरण, मटकी-मुगाची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर व ताक घ्यावे; मांसाहार करणाऱ्यांनी अंडी व मासेही. दोन मोठ्या जेवणांपेक्षा तीन बेताची जेवणे आणि मध्ये फुटाणे किंवा एखादे फळ बरे. डिंकाचा लाडू पौष्टिक खरा. पण त्यातील तूप-गुळाचा हिशेबही धरावा लागतो. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे मुख्यतः पिष्ट व तेल. दिवसभर उपाशी राहणे तर टाळावेच. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. डोहाळजेवण जरूर व्हावे. तो एका दिवसाचा सोहळा आहे, नऊ महिन्यांचा नेम नव्हे.

चालणे हेच औषध

प्रकृतीत गुंतागुंत नसेल, तर आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम गर्भवतीला सुरक्षित मानला जातो. पूर्वी सवय नसेल, तर आठवड्यातून तीन दिवस १५ मिनिटे चालून सुरुवात करावी आणि हळूहळू रोज अर्ध्या तासावर यावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग असावा. जेवणानंतरच्या दहा मिनिटांच्या शतपावलीनेही साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. भर उन्हात चालणे व पडण्याची भीती असलेले व्यायाम टाळावेत.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, छातीत दुखणे, चक्कर, ठरावीक अंतराने कळा किंवा पोटरीला सूज व वेदना जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. वार खाली असणे, गर्भाशयमुखाला टाका घातलेला असणे किंवा रक्तदाब वाढलेला असणे, अशा स्थितीत डॉक्टरांच्या परवानगीविना व्यायाम करू नये.

अपेक्षा किती ठेवाव्यात?

२०१७ मध्ये ३६ चाचण्यांतील साडेबारा हजार स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. आहार व व्यायामामुळे वजनातील वाढ सरासरी ०.७ किलोने कमी झाली आणि सिझेरियनचे प्रमाणही काहीसे घटले. ब्रिटनमधील १,५५५ लठ्ठ गर्भवतींच्या 'अपबीट' चाचणीत (२०१५) मात्र गरोदरपणातील मधुमेह त्यामुळे टळला नाही. त्यामुळे सर्व नियम पाळूनही साखर वाढली, तर तो त्या स्त्रीचा दोष नव्हे. उपचार आहेत, ते वेळेवर मिळण्यासाठी तपासणीला जाणे महत्त्वाचे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गर्भवतींची मोफत तपासणी होते.

घरच्यांनीही आग्रहाने तिसरी पोळी वाढण्याऐवजी संध्याकाळी तिच्यासोबत चार पावले चालावे. दोन जिवांची काळजी घेण्याची ही अधिक चांगली रीत ठरेल.