मोबाईल घरात एक, शिकणारी मुले तीन

मालवण किनारपट्टीवरील आपल्यासारख्याच एखाद्या कष्टकरी घराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. बाप चिऱ्याच्या खाणीवर, आई तारकर्लीकडच्या एखाद्या हॉटेलात भांडी घासायला. घरात मोबाईल एकच. तोही मुंबईच्या काकाने नवा घेतला तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत गावी आणून दिलेला, काच तडकलेला. दिवसभर तो बापाच्या खिशात असतो, कारण मुकादमाचा फोन चुकला तर दुसऱ्या दिवसाचे काम चुकते. संध्याकाळी सातला बाप घरी येतो, तेव्हा दारात तीन मुले उभी असतात. थोरल्याला दहावीचा गणिताचा व्हिडिओ बघायचा असतो, मधलीला बाईंनी ग्रुपवर टाकलेला गृहपाठ उतरवून घ्यायचा असतो आणि धाकट्याला कार्टून हवे असते. तेवढ्यात आई चुलीपुढून म्हणते, "आधी झिलाचो अभ्यास होवंदे, मगे तू घे." त्या 'मगे'ची वाट बघता बघता मधली मुलगी दप्तरावर डोके ठेवून झोपी जाते.

बंधू-भगिनींनो, शाळेत मोबाईल आला, डिजिटल शिक्षण आले, असे आपण गेली काही वर्षे ऐकतो आहोत. ते खोटे नाही. परंतु ते आपल्या घरात कोणत्या वाटेने आले, कोणापर्यंत पोहोचले आणि कोणाच्या दारावरून पुढे निघून गेले, याचा विचार आपणच केला पाहिजे. आपल्यासाठी तो दुसरे कोणी करणार नाही.

डोंगरावरची झोपडी

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा-कॉलेजे बंद झाली. त्या पावसाळ्यात आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, कणकवली तालुक्यातील दारिस्ते गावची एक मुलगी वर्तमानपत्रांतून देशभर माहीत झाली. ती मुंबईत पशुवैद्यकाचे शिक्षण घेत होती आणि टाळेबंदीमुळे गावी अडकली होती. घरात रेंज नाही, म्हणून रेंज शोधत ती डोंगरावर गेली. भर पावसात छत्री धरून तासाला बसू लागली. भावांनी तिच्यासाठी तिथे झोपडी उभारून दिली आणि त्या झोपडीत बसून तिने अभ्यास चालू ठेवला. बातमी दिल्लीपर्यंत गेल्यावर तिच्या घरी इंटरनेटची सोय झाली.

त्या मुलीच्या जिद्दीला आणि तिच्या भावांना शाबासकी दिलीच पाहिजे. पण एक प्रश्न मनात राहतो. जिची बातमी झाली तिला तार मिळाली. जिची बातमी झाली नाही तिचे काय? शिक्षण हे बातमीच्या नशिबावर सोडण्याची गोष्ट आहे का?

त्या काळात नेमके काय घडले, याची नोंद आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गोरगरीब वस्त्यांत जाऊन सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. खेड्यांतील फक्त ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाईन शिकत होती. ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. त्यातही अनुसूचित जाती-जमातींच्या घरांतील नियमित ऑनलाईन शिकणारी मुले होती अवघी ४ टक्के. खेड्यांतील इतर मुलांमध्ये हेच प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे पाणवठा बदलला, तरी रांगेतली आपली जागा बदलली नाही. पहिली ते चौथीच्या लहानग्यांना तर वर्ग उघडण्यासाठी डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. अक्षर ओळखण्याच्या वयातली दीड वर्षाहून अधिक वाया गेली.

किनाऱ्यावरच्या लोकांना आणखी एक धडा मिळाला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यालगतून गेले. देवगड, मालवण, वेंगुर्ले भागात माड आणि विजेचे खांब आडवे झाले. कित्येक वाड्या दिवसच्या दिवस अंधारात राहिल्या. वीज नाही म्हणजे चार्जिंग नाही आणि टॉवर बंद म्हणजे रेंज नाही. त्या दिवसांत एकच शिक्षणसाधन चालू होते, ते म्हणजे दप्तरातले छापील पुस्तक. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यंत्र वाईट नाही, ते चालवणारा हवा

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग मोबाईल नकोच. तसे मुळीच नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे छोटे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याचा प्रयोग केला. क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन, जो आपण दुकानात पैसे देताना बघतो. मोबाईलचा कॅमेरा त्याच्यावर धरला की त्या धड्याचा व्हिडिओ, कविता किंवा सराव उघडतो. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड, म्हणून त्यांनी धड्यांतला मजकूर मुलांच्या भाषेतही आणला. या कामासाठी डिसलेसरांना नव्हे, तर एका खेड्यातल्या सरकारी शाळेला मान मिळाला असेच म्हणावे लागेल, कारण ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राईझ' हा जागतिक पुरस्कार जाहीर झाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही हे चौकोन आले. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे ॲप सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. पुस्तकातला चौकोन या ॲपमधून बघितला की धडा उघडतो. यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. आणखी एक सोय पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. दीक्षावरचा धडा एकदा उतरवून, म्हणजे डाऊनलोड करून ठेवला, की नंतर रेंज नसली तरी तो बघता येतो. आचरे, मालवण, कणकवली अशा बाजाराच्या गावी गेल्यावर किंवा शाळेत जिथे इंटरनेट आहे तिथे आठवड्याचे धडे उतरवून घेतले, तर डोंगरावर झोपडी बांधावी लागणार नाही.

परितेवाडीच्या गोष्टीत आपल्यासाठी खरा बोध आहे तो भाषेचा. आपली मुले घरी मालवणी बोलतात. पहिलीत आल्यावर पुस्तकातली प्रमाण मराठी त्यांना अर्धी परकी वाटते. शिक्षकाने आपल्याच आवाजात, मालवणीत, दोन मिनिटांचे गणित समजावून पालकांच्या ग्रुपवर टाकले, तर मोबाईलचा तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपयोग होईल. त्याला महागडे यंत्र लागत नाही. लागतो मुलांना ओळखणारा मास्तर.

'मगे तू घे' हे कुठवर?

आता घरातल्या गोष्टीकडे वळू. ती थोडी टोचेल. २०२४ च्या 'असर' अहवालात देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांची माहिती आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. त्याच अहवालात दुसरीही गोष्ट आहे. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारी मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. म्हणजे मुलाला फोन आधी दिला म्हणून अभ्यास आधी झाला, असे समजण्याचे कारण नाही.

मुलीच्या हाती फोन दिला तर ती बिघडेल, असे अजूनही बोलले जाते. केरळमध्ये एका कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना ठरावीक वेळी मोबाईल वापरण्यास बंदी होती. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने ती मानली नाही, तेव्हा तिला वसतिगृहातून काढण्यात आले. ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला, की इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. एका विद्यार्थिनीने हक्कासाठी घटनेचा आधार घेतला आणि ती जिंकली. आपल्या घरातल्या मुलीला मात्र तोच हक्क मागण्यासाठी आईच्या तोंडाकडे बघावे लागते. घटनेचा अभिमान बाळगणाऱ्या घरात असे होता कामा नये. घड्याळ लावा आणि वेळ वाटून द्या. आज मुलगी आधी, उद्या मुलगा आधी. एवढी समता तरी चुलीपासून सुरू होऊ द्या.

फोन आहे म्हणून शाळा नको?

आणखी एका धोक्याकडे डोळसपणे बघितले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात वाडीवाडीवर लहान शाळा आहेत आणि पट कमी आहे. तरुण माणसे मुंबईला गेली, घरात मुले कमी झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यभर विरोध झाला. उद्या कोणी म्हणेल, हातात मोबाईल आहे, पडद्यावर मास्तर आहे, मग वाडीत शाळा कशाला? त्याला उत्तर द्यायला आपण तयार असले पाहिजे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याखालच्या राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. कायदा शाळा आणि शिक्षक देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. मोबाईल विकत घेण्याची जबाबदारी तो मजुरावर टाकत नाही.

जगातही वारे पालटते आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने शिक्षणातील तंत्रज्ञानावर जागतिक अहवाल काढला. हे साधन कोणाच्या सोयीसाठी वापरले जात आहे, असा रोकडा सवाल त्यात आहे. यंत्राने शिक्षकाला मदत करावी, त्याची जागा घेऊ नये, असे त्यात बजावले आहे. स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने त्याच वर्षी शाळांतल्या छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसा काढला. ज्यांच्याकडे प्रत्येक मुलाला यंत्र होते, ते पुस्तकाकडे वळू लागले. आपल्याकडे पुस्तकही पुरते मिळण्याआधी यंत्राची सक्ती झाली, तर आपली मुले दोन्हीकडून उपाशी राहतील.

खर्चाचेही बोलले पाहिजे. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि हातावर पोट असणाऱ्यांकडेही स्मार्टफोन आले. पण जुलै २०२४ मध्ये मोठ्या खाजगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. आज रिचार्ज संपला की पुढची मजुरी हाती येईपर्यंत थांबावे लागते आणि तोवर ग्रुपवरचा गृहपाठ दिसत नाही. त्यात मुलाचा काय दोष?

आपण काय करू शकतो

पहिली गोष्ट, शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्यातले पुष्कळजण 'आमका काय कळता' म्हणून गप्प बसतात. पण तिथेच विचारायचे असते, की शाळेला मिळालेले टॅब आणि प्रोजेक्टर कपाटात आहेत की वर्गात? बिघडले तर दुरुस्त कोण करणार? ज्या मुलाच्या घरी फोन नाही त्याला गृहपाठ कसा मिळणार? मोबाईलवर दिलेला गृहपाठ दुसऱ्या दिवशी फळ्यावरही लिहावा, एवढा साधा ठराव मागा. त्याला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट, वस्तीतले विहार संध्याकाळी दोन तास अभ्यासासाठी उघडा. तिथे एखादा मोठ्या पडद्याचा फोन किंवा वर्गणीतून घेतलेला टॅब ठेवा. पाच-सात मुले एकत्र बसून एक धडा बघू शकतात. धडा बघून झाला की पडदा बंद करून वहीत लिहायला लावा. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी आळीपाळीने तिथे बसावे. मुंबईच्या मंडळांनी गावच्या कार्यक्रमाला वर्गणी पाठवताना त्यातले थोडे या कामी बाजूला काढावे.

तिसरी गोष्ट मोठ्या मुलांची. भारत सरकारची शिष्यवृत्ती आता महाडीबीटी संकेतस्थळावरून भरावी लागते. त्यासाठी आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो. रिचार्ज परवडत नाही म्हणून आपण सिमकार्ड बदलतो, जुना नंबर बंद पडतो आणि मुलाचा अर्ज अडतो. एक नंबर ठरवा, आधार आणि बँक खात्याला तोच ठेवा आणि तो जिवंत राहील हे बघा. हजारो रुपयांचा हक्क एका बंद सिममुळे बुडू देऊ नका.

दहावीच्या निकालात आपला कोकण विभाग स्वतंत्र मंडळ झाल्यापासून राज्यात पुढे राहिला आहे. हे यश मोबाईल येण्याआधीपासूनचे आहे. त्यामागे पायपीट करणारी मुले, वाडीवरचे मास्तर आणि पोटाला चिमटा काढून वह्या घेणाऱ्या आया आहेत. मोबाईल त्यांच्या हाताशी आला तर स्वागतच आहे.

आज संध्याकाळी बाप कामावरून आला, की तो तडकलेला फोन आधी त्या मधल्या मुलीच्या हातात द्या. ती झोपायच्या आत.