देहातील दोन दूत

मानवी शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे आणि प्रत्येक पेशीचे कार्य ठरलेले आहे. परंतु या पेशी आपापल्या लहरीने वागू लागल्या, तर शरीराचा कारभार क्षणभरही चालणार नाही. माणूस धावू लागला की त्याच्या स्नायूंना अधिक रक्त लागते. हृदयानेही त्याच वेळी आपली गती वाढवली पाहिजे. अन्न आतड्यात उतरले की नेमके तेव्हाच पाचकरस पाझरले पाहिजेत. हा मेळ राखण्याचे काम दोन दूत करतात : एक मज्जातंतू आणि दुसरे संप्रेरक.

मज्जातंतू हा त्वरेचा दूत आहे. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात झटकन मागे येतो. चटक्याची जाणीव त्यानंतर होते. त्वचेतील संदेश विद्युतस्पंदांच्या रूपाने मेरुरज्जूपर्यंत पोहोचतो आणि तेथूनच हाताच्या स्नायूंना आज्ञा सुटते. मेंदूच्या निर्णयाची वाट पाहिली जात नाही. हिलाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. सर्वांत वेगवान मज्जातंतूंतून संदेश सेकंदाला सुमारे शंभर मीटर इतक्या वेगाने धावतो.

शरीराचा सारा कारभार मज्जातंतूच चालवतात, असे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञ मानत असत. १९०२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. त्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाकडे जाणारे मज्जातंतू तोडले आणि त्या भागात आम्ल सोडले. संदेशाचा मार्गच उरला नव्हता. तरीही स्वादुपिंडातून पाचकरस स्रवू लागला. मग त्यांनी आतड्याचे आतील अस्तर खरवडून आम्लात घोटले व त्याचा गाळलेला अर्क रक्तात टोचला. पुन्हा रस स्रवला. याचा अर्थ स्पष्ट होता. निरोप मज्जातंतूंनी नव्हे, रक्ताने पोहोचवला होता. त्या द्रव्याला त्यांनी ‘सिक्रेटिन’ हे नाव दिले. अशा सर्व द्रव्यांसाठी स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला. ‘चेतवणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो आला आहे. मराठीतील ‘संप्रेरक’ या शब्दातही प्रेरणा देण्याचाच अर्थ आहे.

बहुतेक संप्रेरके अंतःस्रावी ग्रंथींतून थेट रक्तात मिसळतात. रक्ताबरोबर ती सर्व शरीरभर फिरतात. पण ज्या पेशींत त्यांना ओळखण्याची सोय असते, त्याच पेशी त्यांचे ऐकतात. मज्जातंतूचा निरोप क्षणात पोहोचतो व क्षणात संपतो. संप्रेरकाचा निरोप सावकाश पोहोचतो, पण दीर्घकाळ टिकतो. हे दोन दूत एकमेकांच्या साहाय्यानेच काम करतात. भय वाटताच मज्जातंतू अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतात आणि त्या ॲड्रिनॅलीन रक्तात सोडतात. म्हणूनच संकट टळले तरी छातीतील धडधड लगेच थांबत नाही.

संप्रेरकांचे प्रमाणही शरीर स्वतःच राखते. गळ्यातील अवटु ग्रंथी थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. रक्तात ते कमी झाले, की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अवटु ग्रंथीला चालना देते. ते पुरेसे झाले, की चालना मंदावते. परंतु थायरॉक्सिन घडण्यासाठी आयोडीन लागते. आहारात आयोडीनच नसेल, तर पीयूषिका चालना देत राहते आणि अवटु ग्रंथी फुगत जाते. हाच गलगंड होय. गळ्याची गाठ डोळ्यांना दिसते. त्याहून मोठी हानी मात्र दिसत नाही. गर्भातील बालकाच्या मेंदूची वाढ थायरॉक्सिनवर अवलंबून असते. त्या काळात तीव्र उणीव राहिली, तर बालकाच्या बुद्धीचे व कधी श्रवणशक्तीचे झालेले नुकसान पुढे भरून निघत नाही.

हिमालयाच्या पायथ्याशी पाऊस व बर्फ यांमुळे मातीतील आयोडीन वाहून जाते. तेथील कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघरी आढळत असे. डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून खोऱ्याच्या काही भागांत आयोडीनयुक्त मीठ व एका भागात साधे मीठ पुरवले. काही वर्षांतच आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. १९६२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला.

प्रौढ माणसाला दिवसाला अवघे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गर्भवतीला मात्र सुमारे २५० मायक्रोग्रॅम लागते. आयोडीनयुक्त मीठ उघडे राहिले किंवा ओलसर झाले, तर त्यातील आयोडीन कमी होत जाते. यासाठी ते घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे. एवढ्या लहानशा दक्षतेने घरात जन्माला येणाऱ्या बालकाच्या मेंदूचे रक्षण होते.