सहा किलो कापसात लंडन

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या जिनिंगमधली रुई चिमटीत धरून एकच तंतू वेगळा काढा. जेमतेम तीन सेंटिमीटर भरेल. पण चार मायकच्या (मायक म्हणजे तंतूच्या बारीकपणाचं माप) रुईचे फक्त एका ग्रॅममधले तंतू एकापुढे एक मांडत गेलं, तर ओळ सहा किलोमीटरच्या पुढे जाते. किलोभर रुईत सुमारे ६,३५० किलोमीटर! मुंबई ते लंडन हा सुवेझमार्गे समुद्रप्रवास साधारण ११,६०० किलोमीटरचा. त्याला दोन किलो रुई पुरून उरते, म्हणजे सरकीसकट सहा किलो कापूस. आणि १७० किलोची अख्खी गाठ? चंद्रावर जाऊन परत यावं, तरी तीन लाख किलोमीटर शिल्लक राहतात.

वर्ध्याचा कापूस खरोखरच समुद्र ओलांडून गेलेला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या भारताकडे डोळे लावून बसल्या. त्याच धामधुमीत, १८६२ मध्ये, वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला. इथवर रेल्वे आलेली नव्हती. कापूस बैलगाड्यांनी निघायचा. जहाजात जागा महाग, म्हणून तो दाबून गाठी बांधायच्या; मग शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा, जवळजवळ २०,००० किलोमीटर नुसतं पाणी, त्यात महिनेच्या महिने जात. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला आणि वाटेतले ८,००० किलोमीटर गळाले. ज्या गावाला समुद्राचा वारा कधी लागला नाही, त्या हिंगणघाटच्या नावाने लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचा भाव बोलला जाई.

मला या सगळ्यात सर्वांत मोठा वाटतो तो वेचणीचा आकडा. पऱ्हाटीत बाई वाकलेली, कमरेला ओटी, बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलवटलेली. मजुरी किलोवर. तिने दिवसभरात ४० किलो कापूस वेचला, तर त्यातून साडेतेरा किलो रुई निघते. तंतूंची लांबी ८६,००० किलोमीटर. पृथ्वीला दोन वेढे, वर आणखी मुंबई ते कोलकाता जाऊन-येऊनही काही उरतं. संध्याकाळी धुऱ्यावर तिचं गाठोडं काट्याला लागतं, आणि वहीत तिच्या नावापुढे लिहिलं जातं : चाळीस.