अजिंठादर्शनात भोकरदनचे स्थान

अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेल्या अभ्यासमंडळाने वाटेत भोकरदन अवश्य पाहावे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांचे उल्लेख सांची व भारहुत येथील स्तूपांच्या दानलेखांत आढळतात. इ. स. १९७३ च्या उत्खननात येथे मिळालेल्या भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे, १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी निकट साम्य आहे. धर्मकलेस आश्रय देणारे धन अशाच व्यापारी नगरांतून येत असे. मार्गदर्शकाने हा संबंध आधी विशद करावा, केळणाकाठचे वैष्णव लेणे दाखवावे आणि मग अजिंठा गाठावा. मंडळ मात्र लहानच असावे. कारण गर्दीच्या श्वासातील आर्द्रता तेथील भित्तिचित्रांस अपायकारक ठरते, आणि मंद प्रकाशात चित्र उमगण्यास प्रत्येकास पुरेसा अवधी लागतो.