मोटारीचे जोडे

गेल्या श्रावणांतील गोष्ट. गोंदियांतील आमच्या घरासमोरील रस्ता दर डांबरीकरणागणिक उंच होत गेला आणि अंगण होतें तेथेंच राहिलें. त्यामुळें फाटकापासून ओसरीपर्यंत आतां चांगलाच उतार झाला आहे. पुतण्यानें मोटार फाटकाशीं उभी केली, हातब्रेक ओढला व तो पिशव्या घेऊन आंत आला. आम्ही चहा घेत असतांना ती मोटार कोणाच्याहि आज्ञेची वाट न पाहतां हळूहळू निघाली आणि तुळशीवृंदावनावर जाऊन थबकली. वृंदावनाचा कोपरा गेला. त्याचें कांहीं नाहीं. परंतु तेथें पांच मिनिटांपूर्वीं माझी चार वर्षांची नात पणतीशीं खेळत बसली होती. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. कारण हातब्रेकचा दांडा महिन्यामहिन्याला अधिकाधिक वर येऊं लागला आहे, हें मीं पाहिलें होतें आणि बोललों मात्र नव्हतों.

गणित साधें आहे. मोटारीचें वजन 900 किलो व उतार दहास एक धरला, तर तिला खालीं ओढणारें बळ सुमारें 90 किलो वजनाइतकें भरतें. साध्या मोटारींत दांडा ओढला कीं केबल ताणली जाते, आणि मागच्या चाकांच्या ड्रममधील दोन अर्धचंद्राकृति 'शू' फांकून ड्रमच्या आंतील बाजूवर दाबले जातात. (थोरल्या वहिनींनीं हें ऐकून, "मोटारीलाहि जोडे लागतात होय?" असें विचारलें. लागतात, आणि आपल्या जोड्यांप्रमाणें झिजतातहि.) शर्यतीच्या वेगाच्या मोटारींची तऱ्हा निराळी. 1953 सालीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वारनें डिस्क ब्रेकच्या मोटारीनें जिंकली, आणि चकतीस दोहों बाजूंनीं चिमटा घेणाऱ्या पॅडांचा बोलबाला झाला. पण ते चिमटे तेलाच्या दाबावर चालणारे. त्यांतच केबलीची यंत्रणा बसविणें अडचणीचें. म्हणून लँबॉर्गिनी गॅलार्डोसारख्या मोटारीस हातब्रेकपुरता निराळा लहान चिमटा व निराळे पॅड असतात. पोर्शे 911 च्या अनेक आवृत्त्यांत तर मागच्या चकतीच्या पोटांतच लहानसा ड्रम दडविलेला असतो. म्हणजे धांवण्यासाठीं कितीहि थाट असो, उभें राहतांना तिलाहि आमच्याच मोटारीसारखे जोडे!

चैत्रांत एका कारखान्यांत आमची केबल तेवढी आवळून दिली होती. ड्रम उघडून कोणी पाहिला नव्हता. केबल आवळल्यानें दांडा खालीं येतो, झिजलेलें अस्तर कांहीं परत येत नाहीं. म्हणून रविवारीं पुतण्यानें व मीं घरींच, सपाट फरशीवर, काम काढलें.

हातब्रेक सोडल्याशिवाय ड्रम निघत नाहीं. तेव्हां आधीं पुढच्या दोन्ही चाकांस मागूनपुढून दगड लावले व मोटार पहिल्या गिअरमध्यें ठेवली. आमच्या मोटारीचीं पुढचीं चाकेंच इंजिनाशीं जोडलेलीं आहेत. चाकाचे नट मोटार जमिनीवर असतांनाच सैल करावे. जॅक हा केवळ उचलण्यापुरता. मोटार घोडीवर टेकल्याखेरीज तिच्याखालीं हातसुद्धां घालूं नये. ह्या एका बाबतींत मी पुतण्याशीं मास्तरासारखाच वागलों.

ड्रम गंजानें धरला होता. पावसाळ्यांत आमच्याकडे बांध्यांप्रमाणें अंगणेंहि ओलींच असतात. ड्रमवरील दोन आट्यांच्या भोकांत बोल्ट फिरवीत नेले, तेव्हां तो सुटला. आंतील काळी भुकटी तोंडानें फुंकण्याचा मोह सर्वांसच होतो. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक. म्हणून नवें-जुनें न पाहतां ओल्या फडक्यानें पुसावें व तें फडकें टाकून द्यावें.

डावी बाजू पुसतांच कारण हातीं आलें. अस्तर झिजलें होतेंच, शिवाय तेलानें ओलें होतें. पायाच्या ब्रेकचा, त्या चाकांतील सिलिंडर पाझरत होता. येथें आम्ही थांबलों. तेलाची नळी सोडली कीं तींत हवा शिरते, आणि ती काढल्यावांचून पायाचा ब्रेकहि भरंवशाचा राहत नाहीं. सिलिंडर बदलण्यास ओळखीच्या मिस्त्रीस बोलावलें. त्यांत मला कांहीं कमीपणा वाटला नाहीं.

शू मात्र आम्हींच बदलले. एका वेळीं एकच बाजू उघडावी. कोठली स्प्रिंग कोणत्या भोकांत होती असा वाद निघालाच, तर दुसऱ्या बाजूचा ड्रम काढून पाहतां येतें. आमच्या घरीं तो निघाला. उजवें अस्तर बरें होतें, तरी दोन्ही चाकांचे शू एकदमच बदलले, नाहींतर दोन्हीकडची पकड सारखी राहत नाहीं. अस्तरास ग्रीसचें बोट लागूं देऊं नये. आधीं ड्रममधील अंतर जुळवावें, मग केबल. उलट केल्यास चैत्रांतली चूक पुन्हां होते. दांडा कितव्या खटक्यास घट्ट व्हावा, तें मोटारीबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें.

परीक्षा फाटकाच्या उतारावरच घेतली. चाकांपुढें वीतभर अंतरावर दगड ठेवले, पोरांस ओसरीवरून हलूं दिलें नाहीं, आणि पुतण्यानें पायाचा ब्रेक हळूच सोडला. मोटार जागची हलली नाहीं. वहिनी मात्र पंधरा मिनिटें दारांत उभ्या राहून पाहत होत्या.

आतां उतारावर हातब्रेकच्या जोडीला गिअरहि टाकून ठेवतों. डिस्कच्या हातब्रेकाला तर ह्याची गरज अधिक. तापलेली चकती थंड होतांना आकसते व पकड सैल पडते. पावसाळ्यांत मोटार आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तेव्हां ती सपाट जागीं, गिअरमध्यें, चाकांना दगड लावून व हातब्रेक सोडून ठेवतों. ओढून ठेवल्यास शू गंजून ड्रमलाच चिकटतात.