एसीचं पाणी, कलाथियाच्या कडा

सकाळी ७. पुण्यातला एप्रिल. ऑफिसचा एसी सुरू होण्याआधी पोचले. आर्द्रता ४८ टक्के. कलाथियाची रात्री उभी मिटलेली पानं आडवी होताहेत. देठाच्या टोकाशी एक फुगीर सांधा असतो, त्यातल्या पाण्याच्या दाबावर ही हालचाल चालते. पानं सुरेख, पण कडा करपलेल्या. मातीत बोट घातलं तर ओल आहे. म्हणजे तहान हे कारण नव्हे.

१०. कारण पँट्रीत सापडलं. मावशी आरओच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी बादलीत भरत होत्या. "वाया कशाला घालवायचं, ताई? झाडांना घालते." भावना किती चांगली! पण फिल्टरने गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात उतरतात. टीडीएस मीटर लावून दाखवला: नळाच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त. झाड पाणी वर ओढतं, पानातून पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि टोकाला, कडेला साठत जातात. म्हणून आधी कड जळते. "हे फरशीला वापरा मावशी, झाडांना एसीच्या नळीचं द्या." हवेतली वाफ थंड होऊन जमलेलं ते पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. फक्त एसी धुतल्यावर काही दिवस ते वापरायचं नाही, रसायनं उतरतात.

दुपारी १. आर्द्रता २१. कुंड्या झोताबाहेर काढून एकमेकींना खेटून ठेवल्या. फवारा मी मारत नाही. पान काही मिनिटांत सुकतं आणि आर्द्रता होती तिथेच येते. हंसराजचा मात्र जीव कासावीस होतो. विहिरीच्या ओल्या भिंतीवर वाढणारं ते नेचं, टेबलावर ठेवणं मला अन्यायच वाटतो.

३. मातीवरचा पांढरा थर खरवडला. कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुतले. खत महिनाभर बंद.

४.३०. कात्री. पानाच्या आकारानेच कापायचं आणि तपकिरी रेघ बारीकशी ठेवायची. हिरव्यात कापलं की तिथे नवी कड करपते. जळलेलं पुन्हा हिरवं होत नाही. उपाय लागू पडला का, ते नव्या पानावरूनच कळणार. कलाथियाच्या एका सुरळीला दोरा बांधून खूण केली.

५.३०. हंसराज काचेच्या बंद पेटीत हलवला. एसीच्या नळीखाली झाकणाची बादली ठेवली आणि तिच्यावर मावशींनी स्वतः ठळक अक्षरांत लिहिलं: 'झाडांसाठी'.