पुढं त्या पेशंटचं काय झालं?

पैज जेवणाची होती. हरेल त्यानं दुसऱ्याला जेवू घालायचं. तिच्यामागं मात्र एक मृत्यू होता.

१८९३ सालचं बोस्टन. हार्वर्डमध्ये वैद्यकी शिकणाऱ्या पोरांना मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भूल द्यायला उभं करत. त्याचं वेगळं शिक्षण असं जवळजवळ नव्हतंच. ईथरनं भिजवलेला स्पंज रोग्याच्या नाकातोंडावर धरायचा आणि तो निपचित पडला की सर्जनला खूण करायची. हार्वी कुशिंग नावाच्या विद्यार्थ्यावर एके दिवशी ही पाळी आली आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच रोगी दगावला. त्याला सांगण्यात आलं की तुझा यात काही दोष नाही, माणूस आधीच गंभीर होता. काम पुढं चालू. कुशिंग इतका हादरला, की वैद्यकी सोडून द्यावी असं त्याच्या मनानं घेतलं. एक माणूस गेला आणि ‘का गेला’ हे कुणी विचारलंसुद्धा नाही, याचाच त्याला जास्त धक्का बसला असावा.

त्याच वर्गात अर्नेस्ट एमरी कॉडमन होता. या दोघांनी पैज लावली की चांगली भूल कोण देतो ते पाहू. आता चांगली म्हणजे कशी? हात किती सफाईनं चालला, सर्जन खूश झाला का, हे निकष त्यांनी बाजूला ठेवले. ऑपरेशननंतर वॉर्डात नर्सच्या हवाली करताना रोगी हाकेला ओ देतो का आणि नंतर त्याला उलट्या होतात का, एवढंच बघायचं ठरलं. म्हणजे भूल देणाऱ्याची परीक्षा रोग्याच्या अंगावर जे घडेल त्यावरून. ते कळायचं तर लिहून ठेवायला हवं, म्हणून ते थोड्या थोड्या वेळानं नाडी आणि श्वास कागदावर मांडू लागले. १८९४ मधले हे तक्ते म्हणजे भुलेच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी आहेत. आज कुठल्याही ऑपरेशन थिएटरात भूलतज्ज्ञासमोर जो चार्ट असतो, त्याचं मूळ विशीतल्या दोन पोरांच्या पैजेत आहे.

कुशिंग पुढं मेंदूच्या शस्त्रक्रियेचा महापुरुष झाला. कॉडमन यांनी मात्र तो कागद सोडला नाही.

हिशेब ठेवणं त्यांच्या रक्तातच होतं. शिकारीला गेले तरी किती काडतुसं उडाली आणि किती पक्षी पडले याची ते वही ठेवत. १९०० च्या सुमारास त्याच मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये सर्जन म्हणून काम करताना त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. रुग्णालयांचे वार्षिक अहवाल जाडजूड निघत. किती रोगी आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, कोळसा किती लागला, देणग्या किती मिळाल्या, सगळं त्यात असे. नसे ते एवढंच, की ज्यांचं पोट फाडलं त्यांचं दुखणं गेलं का? घरी जाताना केसपेपरवर ‘बरा’ किंवा ‘आराम’ असा शेरा पडे आणि तिथंच गोष्ट संपे. पण हर्निया शिवून घरी गेलेला माणूस त्या दिवशी बरा असणारच. टाके ताजे असतात, तो अजून ओझं उचलत नसतो. हर्निया परत आला का, हे त्याच्या बायकोला पुढच्या वर्षी कळणार. सर्जनला कधीच कळणार नाही.

यावर कॉडमन यांनी काढलेला उपाय इतका साधा आहे, की त्याला शोध म्हणायला आपण कचरतो. प्रत्येक रोग्यामागं एक कार्ड करायचं. त्यावर तक्रार काय होती, उपचाराआधी डॉक्टरांना काय वाटलं, काय केलं, रुग्णालयात काही बिघडलं का आणि घरी जाताना निदान काय ठरलं, हे लिहायचं. मग खाली एक जागा रिकामी सोडायची. एक वर्ष गेलं की रोग्याला पत्र घालायचं, बोलवायचं, तपासायचं आणि ती जागा भरायची. हाती आलेलं फळ मनासारखं नसेल तर का नाही, तेही त्याच कार्डावर लिहायचं. या पद्धतीला त्यांनी ‘अंतिम परिणामाची कल्पना’ असं नाव दिलं.

सगळी गंमत त्या रिकाम्या जागेत आहे. ‘का नाही’ हा प्रश्न सर्जनला स्वतःच्या हातांकडं बघायला लावतो.

आपल्याकडं रोग्याची फाइल त्याच्याच घरी, प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या फळीवर असते. एक्स-रे, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सगळं तिथं. गुडघा बदलून वर्ष झालं, आता जिना चढता का, मांडी घालून बसता येतं का, हे विचारायला दवाखान्यातून फोन आल्याचं कितीजणांना आठवतं? टाके काढले की नातं तुटतं. कॉडमन यांचं कार्ड ते नातं तुटू देत नव्हतं. मला तर त्यात शास्त्राइतकीच माणुसकीही दिसते.

१९१० च्या उन्हाळ्यात कॉडमन इंग्लंडात होते. फ्रिमली इथलं क्षयाचं आरोग्यधाम पाहून फिलाडेल्फियाचे सर्जन एडवर्ड मार्टिन यांच्याबरोबर ते घोडागाडीतून परतत होते, तेव्हा त्यांनी आपली कल्पना सांगितली. मार्टिन यांना ती पटलीच, शिवाय ती राबवायला अमेरिकेतल्या सर्जनांची एक संघटना हवी, असंही त्या गाडीतच बोलणं झालं. १९१३ साली ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ उभं राहिलं, त्याचं एक बीज या गाडीत पडलं होतं. रुग्णालयांचा दर्जा ठरवणाऱ्या समितीचं प्रमुखपद कॉडमन यांच्याकडं आलं.

समितीची वाट न बघता १९११ मध्ये त्यांनी बोस्टनच्या बीकन हिल भागात, पिंकनी स्ट्रीटवर स्वतःचं बारा-एक खाटांचं रुग्णालय काढलं. तिथं प्रत्येक कार्ड भरलं जाई. १९११ ते १९१६ या काळात ३३७ रोगी घरी गेले आणि कॉडमन यांनी त्यांत १२३ चुका नोंदवल्या. प्रत्येक चुकीचा प्रकारही लिहिला: ज्ञान किंवा कसब कमी पडलं, निर्णय चुकला, काळजी किंवा साधनं अपुरी होती, निदान चुकलं. रोगच हाताबाहेरचा असेल किंवा रोग्यानंच उपचार नाकारला असेल तर त्याचा रकाना वेगळा. आणि एक रकाना आपत्तीचा, म्हणजे ज्यावर आज कुणाचाच इलाज नाही अशा घटनांचा. तोही सुटायचा नाही, कारण आज इलाज नसला तरी उद्या तो शोधायचा आहे.

हे सारं त्यांनी पदरच्या पैशानं छापलं आणि देशभरच्या रुग्णालयांना पाठवलं. त्यात एका ठिकाणी ते कबूल करतात, की चूक माझ्याच हाताची, अगदी ढोबळ होती आणि ती झाली आहे हे त्या वेळी मला कळलंही नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या सर्जननं हे नावानिशी छापावं! आजही असा कागद कुणी सहजासहजी छापणार नाही.

सहकाऱ्यांचा आक्षेप होता, आणि तो पोकळ नव्हता. जो सर्जन अवघड रोगी घेतो त्याचे मृत्यू जास्त दिसणार, मग नुसते आकडे मांडून काय कळणार? पण रोगाच्या बळाचा रकाना कॉडमन यांनी चुकांपासून वेगळा काढला होता, तो याचसाठी. खरं दुखणं दुसरीकडं होतं. मोठ्या रुग्णालयात बढती मिळे ती ज्येष्ठतेवर. परिणाम मोजले तर ती रचनाच कोसळली असती. १९१४ मध्ये कॉडमन यांनी ज्येष्ठतेच्या या पद्धतीच्या निषेधार्थ मॅसॅच्युसेट्स जनरलचा राजीनामा दिला आणि मग विश्वस्तांना कळवलं, की माझे परिणाम इतरांपेक्षा चांगले आहेत, तेव्हा मला मुख्य सर्जन नेमा. कुणी त्यांना नेमलं नाही.

६ जानेवारी १९१५. बोस्टन मेडिकल लायब्ररीत स्थानिक सर्जनांच्या संस्थेची सभा होती आणि अध्यक्ष होते कॉडमन. विषय रुग्णालयांची कार्यक्षमता. वक्त्यांत शहराचे महापौर जेम्स मायकेल कर्ली होते आणि गवंड्याच्या हाताची एकेक हालचाल मोजून काम सोपं करणारे फ्रँक गिलब्रेथही. भाषणं झाली. मग कॉडमन यांनी सुमारे आठ फुटी चित्रावरचा पडदा काढला.

चित्रात एक शहामृग वाळूत डोकं खुपसून उभा होता. तो म्हणजे बॅक बे या धनिक वस्तीतली जनता. पाय मागं झाडून तो सोन्याची अंडी डॉक्टरांकडं उडवत होता. रोग्यांचं खरं काय होतं ते कळलं, तर याची अंडी थांबतील का, अशी काळजी रुग्णालयाच्या विश्वस्तांना लागलेली. नदीपलीकडं हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेलही त्याच पेचात.

सभागृहात गदारोळ उसळला. संस्थेचं अध्यक्षपद गेलं, हार्वर्डमधली शिकवण्याची नेमणूक गेली, मित्र दुरावले. चित्र अपमानकारक होतं, यात शंका नाही. पण त्याआधी दहा-बारा वर्षं सौम्य शब्दांत सांगून कुणी ऐकलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

कल्पना मात्र त्यांच्या हातातून सुटून चालू लागली होती. कॉलेज ऑफ सर्जन्सनं अमेरिका आणि कॅनडातल्या, शंभर किंवा जास्त खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली. किमान दर्जाच्या अटी एका पानावर मावतील एवढ्या साध्या होत्या. त्यांना उतरली फक्त ८९. ऑक्टोबर १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात हे निष्कर्ष जाहीर झाले. आकडे तेवढे सांगितले. नावांची यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून आदल्या रात्री हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकली, कारण नापास झालेल्यांत देशातली मोठमोठी नावं होती. त्या एका पानाच्या अटींत, केसपेपरमध्ये काय काय असावं याच्या लांबलचक यादीच्या शेवटाजवळ ‘पाठपुरावा’ हा शब्द आहे. कॉडमन यांच्या सगळ्या कार्डांतून तेवढं वाचलं.

कॉडमन थांबले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी हाडांच्या कर्करोगाची नोंदवही सुरू केली. देशभरच्या सर्जनांनी आपल्या रोग्यांचे एक्स-रे, हाडाचे नमुने आणि पुढची हकीकत पाठवायची, म्हणजे कोण किती वर्षं जगलं ते दिसेल. अमेरिकेतली कर्करोगाची ही पहिली नोंदवही मानतात. १९४० मध्ये ते वारले आणि माउंट ऑबर्न दफनभूमीत, पत्नीच्या घराण्याच्या जागेत, नावाच्या दगडाशिवाय पुरले गेले. तो दगड बसायला २०१४ साल उजाडलं.

त्याच बोस्टनमध्ये अतुल गावंडे सर्जन झाले. यवतमाळ जिल्ह्यातलं उटी हे त्यांच्या वडिलांचं गाव. जागतिक आरोग्य संघटनेसाठी गावंडे आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी व नंतर मोठ्यानं वाचायची एक तपासयादी केली आणि नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. यादी चांगली आहे की नाही, हे सर्जनांना विचारून ठरवलं नाही. रोगी घरी जाईपर्यंत, किंवा जास्तीत जास्त ३० दिवस, त्याचं काय झालं ते मोजलं. २००९ च्या जानेवारीत आकडे छापून आले: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर.

कॉडमन यांचं नाव आपल्याकडं रोज घेतलं जातं ते वेगळ्याच कारणानं. १९३४ मध्ये त्यांनी खांद्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि ‘फ्रोझन शोल्डर’ हा शब्द दिला. खांदा धरलेली बाई फिजिओथेरपीला जाते, एका हातानं टेबल धरून वाकते आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडून हळूहळू झुलवते. हा ‘कॉडमन व्यायाम’. मग ती सरळ उभी राहते, जमेल तेवढा हात वर करते, आणि समोरची फिजिओथेरपिस्ट कोनमापक लावून कार्डावर अंश लिहिते. वेणी घालता येते का, वरचा डबा काढता येतो का, तेही विचारते. त्याखाली पुढच्या महिन्याची तारीख घालून शेजारची जागा रिकामी ठेवते.